डागडुजीचा इतिहास : घर टिकतं ते कशाच्या बळावर?

या व्याख्यानमालेत आपण राजवटींचा, चळवळींचा, ग्रंथांचा इतिहास पाहत असतो. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. डागडुजी. गळणारं छप्पर, पोपडे सुटलेली भिंत, वाळवी लागलेली तुळई. इतिहासाच्या पुस्तकात याला जागा नसते. वाडा कोणी बांधला, कधी बांधला, हे आपल्याला पाठ असतं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी तो आगीत सापडला, हे पुण्यातलं शाळकरी मूलही सांगेल. पण या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ शंभर वर्षं आहेत. त्या शंभर वर्षांत त्याची छपरं कोण शाकारत होतं, कुजलेली लाकडं कोण बदलत होतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

आपण आज तेच विचारणार आहोत. कारण बांधणं ही एक घटना असते. ती एकदा होते आणि संपते. राखणं ही परंपरा असते, ती रोज चालावी लागते. हल्ली ‘शाश्वत वास्तू’, ‘हरित इमारत’ हे शब्द आपण फार ऐकतो आणि बहुतेक वेळा ते नव्या इमारतीबद्दल असतात. आमचं म्हणणं असं की शाश्वततेचा खरा कस बांधताना लागत नाही, नंतर लागतो. घर टिकतं ते तीन गोष्टी एकत्र असतात तोवर: दुरुस्तीला पैसा, दुरुस्तीचं कसब आणि दुरुस्ती करण्याचा अधिकार. या तिघांची फारकत झाली की दगडाचंही घर पडतं आणि काँक्रीटचंही पडतं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे ‘मिलिंदप्रश्न’ आठवेल. नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे नक्की काय? चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? हाच प्रश्न घराला लावून बघा. कौलं दर काही वर्षांनी बदलली, गिलावा दोनदा नवा झाला, तीन तुळया बदलल्या. मग आजोबांनी बांधलेलं घर ते हेच का? आपण बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. म्हणजे घर हे त्या त्या वस्तूत नसतं, त्या वस्तू सांभाळणाऱ्या व्यवस्थेत असतं. हा मुद्दा पुढे आपल्याला अनेकदा उपयोगी पडणार आहे.

आता जुन्या वाड्याकडे वळू. देशावरचा वाडा कसा असे? खाली दगडी जोतं. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, वर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घर केवढं, तर इतक्या खणांचं. वजन पेलतो तो हा लाकडी सांगाडा. भिंती विटांच्या किंवा मातीच्या, बऱ्याचशा नुसत्या भरावाच्या. मधे चौक, चौकातून उजेड आणि वारा.

या रचनेची खुबी अशी की प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं आहे आणि प्रत्येक भाग वेगळा काढता येतो. सारवण आठवड्याचं. कौलं दरवर्षी मिरगाच्या आधी परतायची, फुटकी बदलायची. गिलावा काही वर्षांचा. तुळई दोन-तीन पिढ्यांची. जोतं मात्र कायमचं. एक तुळई कुजली तर टेकू द्यायचा, तुळई उतरवायची, नवी चढवायची. सगळं घर पाडावं लागत नाही. आज ज्याला आपण शाश्वत रचना म्हणतो ती याहून वेगळी नाही. जे लवकर झिजतं ते सहज बदलता यावं, आणि जे टिकतं त्याला त्यासाठी हात लावावा लागू नये.

आणि चुना. चुन्याविषयी थोडं तपशिलात बोलू, कारण इथे पुष्कळ घोटाळा होतो. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, मुरत ठेवायचा, मग वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. त्यात कुठे गूळ, कुठे बेलफळ, कुठे हिरडा पडत असे. हा चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा पुन्हा दगड. भट्टीला लागलेल्या सरपणाचा धूर परत येत नाही, हे खरं. पण दगडातून गेलेला वायू बऱ्याच अंशी दगडात परत येतो.

शिवाय चुना मऊ असतो. विटेपेक्षा मऊ. भिंत थोडी हलली, खचली, तर तडा दरजेत जातो, वीट शाबूत राहते. दरजा खरवडून पुन्हा भरल्या की झालं. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणतात, ते यासाठी.

हे ऐकताना जुन्या काळाचं गोडवं गाण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. या व्यवस्थेत पैसा, कसब आणि अधिकार एका वाड्याच्या चौकटीत एकत्र होते, हे खरं. पण ते कोणाच्या जिवावर? गावात सुतार-लोहाराला बलुतं मिळे, रोकड मजुरी नव्हे. ज्यांच्याकडून भिंती-कुसवाची राबणूक घेतली जाई त्यांना त्या वाड्याच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती. आणि सारवण? घरातली सर्वांत नियमित डागडुजी बायका करत होत्या, आणि तिची नोंद कुठल्याही कीर्दीत नाही. स्वस्त दुरुस्ती ही पुष्कळदा कोणाच्या तरी न मोजलेल्या श्रमांची दुरुस्ती असते. आजच्या गवंड्याने जास्त मजुरी मागितली म्हणून नाक मुरडण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुण्यातलाच एक दाखला घेऊ. १८७९ साली बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या दोन्हींना आगी लावल्या गेल्या. बुधवार वाडा गेला. विश्रामबागेचा एक भाग जळाला, आणि तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा घालून पुन्हा उभारला गेला. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा तोवर राजवाडा राहिलाच नव्हता. १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. पुढे शाळा, पालिकेची कचेरी, टपाल कचेरी असं काही ना काही तिथे चालू राहिलं. वापर होता म्हणून गरज होती, गरज होती म्हणून वर्गणी जमली. रिकामी वास्तू कोणी सांभाळत नाही. कितीही सुंदर असली तरी नाही.

आता या तीन धाग्यांपैकी पहिला कधी तुटला ते पाहू. तो कसबाचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने घेतलं. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागलं. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, ते १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्ण उठलं. पोतं नाक्यावरच्या दुकानात मिळू लागलं, आणि चुना मुरवत महिनाभर थांबणार कोण? घाण्या बंद पडल्या. घाणी बंद पडली म्हणजे नुसतं एक यंत्र थांबलं नाही. चुना हाताला कसा लागला म्हणजे तयार झाला, हे ज्याला कळे त्या गवंड्याचा मुलगा सिमेंटकडे गेला.

सिमेंटला खलनायक ठरवायचं कारण नाही. पूल, धरणं, उंच इमारती त्याशिवाय झाल्या नसत्या. पण त्याची भट्टी सुमारे १४५० अंशांवर चालते आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात या एका उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. आणि जुन्या भिंतीवर तर ते साफ चुकीचं औषध आहे. चुन्या-मातीच्या भिंतीला लोणा लागला म्हणून घरमालक सिमेंटचा गिलावा करतो. वरून भिंत छान दिसते. आत ओल कोंडते. ती वर चढते आणि भिंतीत घुसलेली तुळईची टोकं कुजवते. पाच-दहा वर्षांनी तुळई खचली की आपण म्हणतो, ‘वाडा जुना झाला हो.’ वाडा जुना झालेला नसतो, त्याची दुरुस्ती चुकलेली असते.

बरं, काँक्रीट म्हणजे कायमचं, ही समजूत तरी खरी आहे का? १९२० च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळी त्या याच. एकेका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली. शंभर वर्षांच्या आत त्या पाडून पुनर्विकास करण्याची वेळ आली. काँक्रीटचं दुखणं आत असतं. ओल आत गेली की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट ढलपे होऊन सुटतं. कुजलेली तुळई उतरवता येते. स्लॅबमधली सळई कशी उतरवणार? म्हणून काँक्रीटला दुरुस्ती कमी लागते असं नव्हे. ती वेळेवर लागते, आणि वेळ चुकली तर फार महाग पडते.

दुसरा आणि तिसरा धागा, म्हणजे पैसा आणि अधिकार, यांची फारकत मुंबईत कशी झाली ते बघू. पहिल्या महायुद्धाच्या काळात घरं कमी आणि माणसं फार, अशी स्थिती झाल्यावर १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. मग १९४७ चा प्रसिद्ध भाडे कायदा. त्याने जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. हेतू न्यायाचा होता, यात शंका नाही. गिरणी कामगाराला, कारकुनाला रस्त्यावर काढू नये, हा तो हेतू. या कायद्यामुळे लाखो कुटुंबं या शहरात टिकली, हे आधी मान्य करायला हवं.

पण दुरुस्तीचं काय? कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर ठेवली. त्याने ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा, अशीही सोय केली. मात्र वर्षाला कापायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. आता हिशेब करा. समजा, भाडं महिना २० रुपये. वर्षाचे २४०. त्याचा चौथा हिस्सा ६० रुपये. साठ रुपयांत जिन्याची एक पायरी तरी होईल का? म्हणजे ज्याच्याकडे अधिकार त्याला उत्पन्न नाही, जो राहतो त्याला अधिकार अपुरा, आणि कसब तर आधीच चाललेलं. मालक घर पडायची वाट बघतो, भाडेकरू मालकाच्या नावाने बोटं मोडतो, आणि दोघांच्या मधे इमारत उभी असते. पाऊस दरवर्षी वेळेवर येतो.

सरकारला हे दिसलं नाही असं नाही. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकराच्या कानी पडतो तो इथून. हे मंडळ नंतर म्हाडात आलं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीला वाट मिळाली. पण जे भाडं मुळात १९४० चं, त्यावर ४ टक्के म्हणजे किती?

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. दर पावसाळ्यात अशी एखादी बातमी येतेच. आपण ती ‘निसर्गाचा कोप’ या सदरात टाकतो. आपण इथवर जे पाहिलं त्यावरून लक्षात येईल की अशा पडझडीमागे साठ-सत्तर वर्षांचा हिशेब असू शकतो.

आता कोणी म्हणेल, पैसा, कसब, अधिकार तिन्ही एका हाती असले म्हणजे सगळं ठीक का? तसंही नाही. त्यासाठी मुंबई सोडून मराठवाड्यात जावं लागेल. तिथे भाडेकरू नव्हते. माणसं स्वतःच्या घरात राहत होती आणि ती घरं मन लावून राखत होती.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेत गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगात मोठ्या समजल्या जाणाऱ्या भूकंपांत तो बसत नाही. मग एवढी माणसं का गेली? तिथली घरं माळवदाची. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी, काही ठिकाणी त्याहून जाड भिंती. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक अशी दगडांची दोन पाखं, मधे चिपा आणि माती. दोन्ही पाखांना सांधणारे आरपार दगड नाहीत. आणि डोक्यावर माती. माळवद गळायला लागलं की वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना काढायचा नाही. बापाने टाकला, आजाने टाकला, त्यावर आपण. दरवर्षीच्या निगराणीनेच छप्पर जड होत गेलं. भिंती बाहेर-आत फुटल्या आणि दगडमाती माणसांवर आली.

पण पाहणी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळ घरांत भिंती पडल्या तरी खणांचा लाकडी सांगाडा उभाच होता. नागसेनाचा प्रश्न इथे पुन्हा येतो. घर म्हणजे काय, भिंत का सांगाडा? वजन सांगाडा पेलत होता आणि जीव भिंतीने घेतला. आरपार दगड, भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा, छपरावरची जादा माती उतरवणं, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार, असे बळकटीकरणाचे उपाय अभियंत्यांनी सुचवलेही. पण दगडाची धास्तीच अशी बसली की ५२ गावं नव्या जागी, रुंद सरळ रस्त्यांच्या आखणीत बसवली गेली. ज्यांनी रात्रीत घरची माणसं गमावली त्यांना दगडाच्या भिंतीखाली पुन्हा झोपा म्हणणं सोपं नाही, हे समजून घ्यायला हवं. तरी दोष दगडाचा नव्हता. परंपरेने ‘कसं’ सांभाळलं होतं, ‘का’ हे ती विसरली होती. कसबात हे ‘का’ नसेल तर ते हाताचं वळण उरतं, आणि वळण घातक ठरू शकतं. जुनं ते सोनं म्हणणारे आणि जुनं ते पाडा म्हणणारे, दोघांनीही किल्लारीजवळ थोडं थांबलं पाहिजे.

मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, पाडापाडीला चाप बसला. हे मोठं काम झालं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे नीट केलेल्या दुरुस्तीचं उदाहरण आहे. १८७२ साली खुली झालेली ती वास्तू सावरण्याच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण संग्रहालयामागे संस्था उभ्या असतात. राहत्या घराचं काय? वारसा यादीत नाव गेलं की मालकाचा अधिकार आखडतो, आणि त्या बदल्यात दुरुस्तीचा पैसा क्वचित हाती येतो. मग यादीतलं घरही गळतंच. यादी करणं म्हणजे जतन नव्हे. ज्याच्यावर बंधन घालायचं त्याला मदतही पोचली पाहिजे.

मग नवीन घर बांधताना, जुनं राखताना आपण काय करायचं? उभ्या इमारतीच्या विटा भाजून झाल्या आहेत, लाकूड तोडून झालं आहे, धूर सोडून झाला आहे. ती पाडून ‘हरित’ इमारत बांधली तर तो सगळा खर्च पुन्हा करायचा. म्हणून पहिला प्रश्न ‘पाडायची का’ हा नसावा, ‘दुरुस्त होईल का’ हा असावा. उत्तर कधी ‘नाही’ येईल. माणसाच्या जिवापेक्षा वास्तू मोठी नाही. पण प्रश्न तरी विचारला जावा. दुसरं, जुन्या भिंतीला तिच्या जातीचं औषध द्यावं, चुन्याला चुना. तिसरं, नव्या घरात दुरुस्तीला हात पोचेल अशी रचना मागावी. नळ भिंतीत गाडून वर महागडी फरशी बसवली की पहिल्या गळतीला फरशी फोडावी लागते. गच्ची, नळ, गटारं यांना सहज जाता येईल असं असावं.

आणि शेवटचं, जे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. आपल्यापैकी बहुतेक जण आज सोसायटीत राहतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधीसाठी वर्षाला सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम सांगितली आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची आहे. सोसायटी म्हणजे खरं तर पैसा, कसब आणि अधिकार पुन्हा एका छपराखाली आणण्याची सोय. मालक आपणच, राहणारे आपणच. मुंबईच्या भाडेकरूला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं आहे. आणि आपण वार्षिक सभेत काय करतो? देखभालीचे शंभर रुपये वाढले म्हणून दोन तास भांडतो, आणि प्रवेशद्वाराच्या रंगाचा ठराव पाच मिनिटांत मंजूर करतो.

म्हणून आज एक साधं काम सांगून थांबतो. आपल्या इमारतीची शेवटची तपासणी कोणत्या साली झाली आणि सिंकिंग फंडात आज किती रक्कम आहे, हे पुढच्या व्याख्यानाआधी चिटणीसांना विचारून ठेवा. वाड्यात राहत असाल तर तुळईची भिंतीत गेलेली टोकं पाहून घ्या. पावसाळ्याआधी पाहा. प्रश्न जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.